देवाजी ढोके यांच्या दाव्याचा खर्च

वाचकहो, कामावरून काढून टाकलेल्या एका कामगाराने न्यायालयात दाद मागितली, ती दाद नामंजूर झाली, आणि त्यानंतर ती मागण्याचा खर्चही त्याच्याच माथी बसवावा किंवा कसे, या प्रश्नावर एके दिवशी जे घडले ते मी येथे यथाशक्ती निवेदन करणार आहे. या कथेत पराक्रम नाही. ज्यास दोष द्यावा असा एक मनुष्य तीत आहे, आणि तो कोण हे मी शेवटपर्यंत झाकून ठेवणार नाही. तो मनुष्य मीच आहे.

नागपुरात कामठी रस्त्यावर काचेच्या बाटल्या व कंदिलाच्या काचा तयार करणारा एक कारखाना होता. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथे भट्टीवर आम्ही आठ जण काम करीत होतो. कारखान्याच्या फाटकाजवळ एका लाकडी फळीवर खिळे ठोकलेले होते व प्रत्येक खिळ्यास एक पितळी बिल्ला टांगलेला असे. सकाळी सात वाजण्यापूर्वी कामगाराने आपल्या क्रमांकाचा बिल्ला काढून खालच्या पेटीत टाकावयाचा. सात वाजून दहा मिनिटांनी हजेरी कारकून मधुसूदन ती पेटी उचलून आत नेई, आणि ज्याचा बिल्ला पेटीत तो हजर, अशी वहीत नोंद होई. दुसऱ्याचा बिल्ला टाकणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल, अशी पाटी त्याच फळीवर लावलेली होती. आम्हां आठही जणांस वाचता येत होते, आणि आम्ही आठही जण एकमेकांचे बिल्ले टाकीत होतो.

यास आम्ही लबाडी समजत नव्हतो. भट्टीच्या तोंडासमोर मनुष्य पाऊण तासाच्या वर उभा राहू शकत नाही. त्याचे डोळे कोरडे पडतात आणि ओठ फाटतात. तेव्हा दुसऱ्याने पुढे होऊन त्याची काच फुंकण्याची नळी हाती घ्यावी लागते. ज्या ठिकाणी एकमेकांची पाळी उचलल्यावाचून कोणी जगत नाही, त्या ठिकाणी कोणाची सायकल रस्त्यात बसली, कोणाच्या घरी बाळंतपण निघाले, तर त्याचा बिल्ला टाकणे हे त्याच कामाचा एक भाग आहे असे आम्हांस वाटे. तो मनुष्य आठ वाजता येई, नऊ वाजता येई. येत मात्र असे.

देवाजी ढोके आमच्यात वडील होता. त्याचा क्रमांक एक्केचाळीस. नळीतून फुंकर कशी सोडावी, म्हणजे काच फुगते पण फाटत नाही, हे मला त्याने शिकविले. छप्पन साली वडिलांसोबत त्याने दीक्षा घेतली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी पंचशील सांगण्याचा मान त्याचा होता. त्याचा आवाज मोठा नव्हता, परंतु तो एक शील सांगून क्षणभर थांबे, आणि मग सर्व लोक एकदम म्हणत.

सन १९८३ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेस त्यास निरोप आला की, नरखेड तालुक्यातील त्याच्या गावी धाकट्या भावास विहिरीवरच्या मोटारपंपाचा विजेचा धक्का बसला आहे. देवाजीचे अक्षर बरे नसल्यामुळे रजेचा अर्ज मी लिहिला. तो त्याने माझ्या देखत मधुसूदनच्या हाती दिला. मधुसूदनने तो वाचला, टेबलाच्या खणात ठेवला आणि जा म्हणून सांगितले. हे सर्व मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

नऊ तारखेस सायंकाळी गावाकडून आलेल्या एस.टी.च्या वाहकाने माझ्याकडे निरोप दिला की, भावास उतार आहे, देवाजी उद्या पहिल्या गाडीने निघून दहापर्यंत कामावर येईल. सबब दहा तारखेस सकाळी मी माझ्या बिल्ल्याबरोबर एक्केचाळीस क्रमांकाचाही बिल्ला पेटीत टाकला. देवाजी आला नाही. त्याच पहाटे त्याचा भाऊ वारला होता. आम्ही सात जणांनी त्याची पाळी वाटून घेतली व वहीत तो हजर लागला.

सतरा तारखेस तो परत आला तेव्हा फाटकावर त्याच्या हाती पत्र देण्यात आले. तीन तारखेपासून सोळा तारखेपर्यंत, म्हणजे लागोपाठ दहा दिवसांहून अधिक, विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल त्यास कामावरून काढण्यात आले होते. मधुसूदन म्हणाला की अर्ज आलाच नाही. हिवाळ्यात देवाजीने भट्टीवाल्यांसाठी चामडी हातमोजे मागितले होते व त्यावरून साहेबांशी त्याची बोलाचाली झाली होती. अर्ज कोठे गेला असावा हे आम्हांस समजण्यासारखे होते. सिद्ध करण्यासारखे नव्हते.

महाल भागात मनोहरराव नावाचे एक वृद्ध वकील होते. कामगारांकडून ते फी थोडी घेत आणि रागे जास्त भरत. मी देवाजीबरोबर गेलो. कारखान्याकडून मिळालेली हजेरीवहीची नक्कल वाचता वाचता मनोहरराव एकदम चष्मा काढून आमच्याकडे पाहू लागले. दहा तारखेस देवाजी हजर आहे. म्हणजे दहा दिवसांची साखळी मध्येच तुटते, आणि आरोप कारखान्याच्याच वहीने खोटा पडतो. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आमच्यासाठी चहा मागविला. मग त्यांनी विचारले, दहा तारखेस तुम्ही कामावर होता ना?

देवाजीने माझ्याकडे पाहिले. मी खाली फरशीकडे पाहिले.

“होतो जी,” देवाजी म्हणाला.

त्या एका शब्दात काय काय होते, हे मला तेव्हाच कळले होते. तो नाही म्हणाला असता तर बिल्ला कोणी टाकला हा प्रश्न आला असता, आणि फळीवरच्या पाटीप्रमाणे माझी नोकरी गेली असती. माझ्या घरी जया आणि तीन मुले होती. रस्त्याने परत येताना मी त्यास काहीतरी म्हणू लागलो, तेव्हा तो म्हणाला की वहीच बोलून राहिली आहे तर आपण कशाला बोलायचे, आणि सायकलवर बसला.

दुसरी एक गोष्ट मी येथे लिहिलीच पाहिजे. रजेच्या अर्जाबद्दल साक्ष देण्यास माझ्याइतका योग्य मनुष्य दुसरा नव्हता. तो मी लिहिला होता, आणि तो देताना मी पाहिला होता. परंतु साक्षीदाराच्या जागी उभे राहिल्यावर विरुद्ध बाजूचा वकील मला दहा तारखेबद्दलही विचारील, या भीतीने मी मनोहररावांस सांगितले की मला नीटसे आठवत नाही. त्यांनी माझा नाद सोडला व सारा भार वहीवर ठेवला. अशा रीतीने जे खरे होते ते आम्ही घरी ठेविले आणि जे खोटे होते ते न्यायालयात नेले.

देवाजीने साक्ष दिली ती सत्यप्रतिज्ञेवर दिली. त्यानंतर कारखान्याच्या वकिलाने त्याच्या गावच्या ग्रामसेवकास बोलाविले. मृत्यूच्या नोंदवहीत दहा मे रोजी भावाच्या मृत्यूची नोंद होती, आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात देवाजीची सही होती. भावाचा अंत्यविधी गावी दुपारी बारा वाजता झाला, हेही ग्रामसेवकाने सांगितले. नागपूरच्या भट्टीवर आणि नरखेडकडच्या स्मशानात एक मनुष्य एकाच दुपारी असू शकत नाही. सन १९८४ च्या डिसेंबरात दावा नामंजूर झाला.

कामगार न्यायालयात हरलेल्या कामगारावर सहसा खर्च बसवीत नाहीत, ज्याचा खर्च त्याने सोसावा असेच बहुधा लिहितात, असे मनोहररावांनी आम्हांस पहिल्या दिवशीच सांगितले होते. त्याच भरवशावर गरीब लोक तेथे जातात. परंतु कारखान्याच्या वकिलाने अर्ज दिला की, हा दावा नुसता फसलेला नसून जाणूनबुजून खोटा आहे, म्हणून वकिलाची फी, नकला आणि ग्रामसेवकाचा येण्याजाण्याचा भत्ता मिळून बाराशे रुपये अर्जदाराकडून वसूल व्हावेत. न्यायाधीशांनी त्यावर आठ दिवसांनी म्हणणे ऐकू असे सांगितले.

बाराशे रुपये म्हणजे भट्टीवरचा दोन महिन्यांचा पगार होता, आणि देवाजीस दीड वर्ष पगार नव्हता. तो जरीपटक्याच्या बाजारात मिळेल ते ओझे उचलीत होता. बायजाबाई, त्याची पत्नी, दोन घरची भांडी घाशीत होती. शिवाय आमच्याच कारखान्यातील आणखी दोघे जण दाद मागण्याच्या तयारीत होते. खर्चाची गोष्ट फाटकावर पोहोचताच ते दोघे त्याविषयी बोलेनासे झाले.

तारखेच्या आदल्या दिवशी सायंकाळी मी देवाजीकडे गेलो. तो घरी नव्हता. बायजाबाईंनी मला बसावयास पाट दिला. थोडा वेळ त्या चुलीशी काही करीत राहिल्या, मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

“भाऊजी, एक विचारू काय? कोर्टात बोलून आले तवापासून हे विहारात चवथं शील म्हणतच नाही. तीन म्हणते, थांबून जाते, अन् मंग एकदम पाचवं. लोकाईले वाटते म्हातारा विसरला. पोट्टे हासून राहिले होते. काहून असं होऊन राहिलं?”

चौथे शील असत्य न बोलण्याचे आहे. ते त्यांना ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि त्या मला जे विचारीत होत्या तेही मला ठाऊक होते. मी म्हणालो की त्याचे वय झाले आहे. बायजाबाईंनी मान हलविली व चहात साखर घातली.

देवाजी आला तेव्हा मी त्यास अंगणात नेऊन सांगितले की उद्या मी न्यायाधीशांसमोर सर्व सांगणार. तो खांद्यावरचे फडके झटकून माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी नळी उलटी धरली आहे.

“मंग घरी तीन लेकराईले काय चाटायले काच देशीन?” तो म्हणाला. “गप राय गा, गोविंदा. मी आयुष्यात एक झूठ बोललो. तुही नोकरी वाचली त ते कामी आलं म्हणू. तीही गेली, त मी फुकटच तोंड खराब केलं.”

मी म्हणालो की बाराशे रुपये कोठून आणशील. तो म्हणाला की ते त्याचे तो पाहील, दोन वर्षे लागली तर दोन वर्षे. आणि आत जाऊन जेवावयास बसला. वाचकहो, मी घरी परत जात असताना माझ्या मनास थोडे हलके वाटले. ज्याचे नुकसान होणार त्यानेच मना केले, आता माझ्याकडे दोष नाही, असे मी मनास समजाविले. हे लिहिण्यास लाज वाटते, पण ते तसेच होते.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी न्यायालयात गेलो. मागच्या बाकावर बसलो. माझ्या मागे, भिंतीलगतच्या खुर्चीवर, कारखान्याचे कामगार अधिकारी बसले होते. त्यांच्या पायातील बुटांचा करकर आवाज मला ऐकू येत होता. मनोहररावांनी गरिबीचे, वयाचे आणि भावाच्या मृत्यूचे म्हणणे मांडले. न्यायाधीश तरुण होते व हळू बोलत. ते म्हणाले:

“मनोहरराव, दावा फसला म्हणून मी कोणावर खर्च बसवीत नाही. फसलेला प्रत्येक दावा खोटा नसतो. पण इथे अर्जदाराला ठाऊक होतं की ती हजेरी खरी नाही, आणि तरी त्याने तिच्यावरच दावा उभा केला.”

नंतर त्यांनी देवाजीस पुढे बोलाविले, आणि विचारले की, बिल्ला तुम्ही टाकला नाही, तुम्ही तर गावी होता, मग तो टाकला कोणी? नाव सांगितलेत तर खर्चाचा मी वेगळा विचार करीन.

“मले ठाऊक नाही, साहेब.”

“घाई करू नका. एकदा विचार करा.”

“ठाऊक नाही जी.”

न्यायाधीशांनी लेखणीचे टोपण काढले. त्या वेळी माझ्या मनात देवाजी नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. माझ्या मनात जया होती, शाळेची फी होती, मागे करकरणारे बूट होते. अजून एक मिनिट गेले असते तर आदेश लिहून झाला असता आणि मी दुपारच्या पाळीस गेलो असतो. तेवढ्यात माझी दृष्टी देवाजीवर गेली. तो न्यायाधीशांकडे पाहत नव्हता आणि वकिलांकडेही पाहत नव्हता. त्याने मान अगदी पलीकडच्या भिंतीकडे वळवून धरली होती, जेथे एका कॅलेंडरावाचून काही नव्हते. आपली नजर चुकून माझ्याकडे जाऊ नये आणि तिच्या मागोमाग दुसऱ्या कोणाची येऊ नये, यासाठी तो मान आखडून उभा होता. मानेवरची भाजल्याची जुनी खूण ताणली गेली होती.

मी उभा राहिलो.

“साहेब, बिल्ला मी टाकला.”

“बस खाली, गोविंदा,” देवाजी भिंतीकडे पाहतच म्हणाला.

न्यायाधीशांनी मला पुढे बोलाविले व नाव विचारले. मी सर्व सांगितले. एस.टी.च्या वाहकाचा निरोप, बिल्ला, आमची चाल, आणि मी लिहिलेला रजेचा अर्ज. सांगताना माझा आवाज मलाच परक्याचा वाटत होता. माझे झाल्यावर न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेविली.

“हे सांगायला तुम्ही दीड वर्ष थांबलात?”

मग ते म्हणाले की अर्जाची हकीकत पुराव्याच्या वेळी सांगावयाची होती, निकाल झाला आहे आणि तो भाग आता त्यांच्या हातात उरलेला नाही. मी विनंती केली की सर्व खर्च माझ्यावर बसवावा. ते म्हणाले की मी दाव्यातील पक्षकार नाही, ज्याने दाद मागितली त्याच्याकडूनच खर्च घेता येतो. कारखान्याच्या वकिलांनी उठून सांगितले की यावरून तर कट सिद्ध होतो, खर्च पूर्ण मिळालाच पाहिजे. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू लिहून घेतल्या आणि आदेश सांगितला. अर्जदाराने असत्य सांगितले, तथापि ते केवळ स्वतःच्या लाभासाठी नव्हते, म्हणून बाराशेऐवजी तीनशे रुपये दोन महिन्यांत भरावेत. मला त्यांनी ताकीद दिली, आणि ती मी उभ्यानेच ऐकली.

बाहेर कडुनिंबाखाली मनोहरराव कागद बांधीत होते. ते रागावतील असे मला वाटले होते, परंतु ते फार हळू बोलले. पहिल्या दिवशी चहा पिताना तुम्ही मला खरे सांगितले असते, तर वहीला मी हात लावला नसता, ते म्हणाले. नुसत्या अर्जावर भांडलो असतो. मधुसूदनला दोन दिवस उभा केला असता. जिंकलो असतो असे म्हणत नाही, पण हरलो असतो तरी खर्च कोणी मागितला नसता.

देवाजी थोडा दूर उभा होता. मी जवळ गेलो. तीनशेवर आले, इतकेच माझ्या तोंडून निघाले.

“आता मले एक सांग,” तो म्हणाला. “मी कशासाठी बोललो ते झूठ?”

मी उभा राहिलो. सदर बाजाराच्या रस्त्याने तो पायीच निघून गेला.

जानेवारीत कारखान्याने माझी चौकशी लावली. मी न्यायालयात जे बोललो होतो ते लेखी होते, तेव्हा चौकशीस अर्धा तास पुरला. मला काढले, आणि ते अन्यायाने काढले असे मला म्हणता येत नाही. मी दाद मागितली नाही. फळीवरची ती पाटी मी रोज वाचीत होतो. जया आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, नंतर एके सकाळी म्हणाली की सांगायचे होते तर आधीच का नाही सांगितले. हाच प्रश्न मला आता तिसऱ्यांदा विचारला जात होता. पुढे तिने शेजारच्या बायकांबरोबर पापड लाटण्याचे काम धरले.

तीनशे रुपये देवाजीनेच भरले. मी दोनदा पैसे घेऊन गेलो, दोन्ही वेळा बायजाबाईंनी दारातच सांगितले की ते घरी नाहीत, आणि दोन्ही वेळा तो आत खोकत होता. विहारात शील सांगण्याचे काम त्याने एका शिक्षकाकडे सोपविले होते. कारखान्यातील ते दोघे जण न्यायालयात गेलेच नाहीत. आदेशातील तीनशे हा आकडाच त्यांनी ऐकला. तो का कमी झाला हे कोणी त्यांस सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी काय समजावे हे मलाही ठाऊक नाही.

मार्च महिन्यात, दुसरीकडे कोठे काम मिळेना तेव्हा, मी जरीपटक्यास एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. तेथे हमाल पाहिजे होता. देवाजी तेथेच वजनाच्या काट्याशी काम करतो हे मला माहीत होते. खोटे कशाला सांगू, त्यामुळेच मी तीन दिवस गेलो नव्हतो. शेठजींनी मला आपादमस्तक पाहिले आणि मान वळवून विचारले:

“देवाजी, ये तुम्हारे मोहल्ले का है ना? भरोसे का आदमी है?”

देवाजीच्या हातात गव्हाचे पोते होते. ते त्याने खाली ठेविले. धोतराच्या सोग्याने हात पुसले. त्याने माझ्याकडे पाहिले, न्यायालयातल्या दिवसानंतर प्रथमच, आणि पुष्कळ वेळ पाहिले. शेठजी वाट पाहू लागले. बाहेर हातगाडीवाले भांडत होते, त्यांचे भांडण संपले तरी देवाजी बोलला नाही. मी मनातल्या मनात त्यास विनवीत होतो की बोल, आणि काय बोलावे हे मात्र मला सुचत नव्हते.

“कामाले चांगला आहे, शेठजी,” तो शेवटी म्हणाला. “ओझं टाकून पळणार नाही. भरोशाचं मी नाही सांगत. ते तुमचं तुम्ही पाहून घ्या.”

शेठजी हसले आणि म्हणाले की इतके पुरे आहे. मला रोजावर ठेविले. देवाजीने पोत्याचे एक टोक धरले व दुसऱ्याकडे हनुवटीने खूण केली. मी ते धरले. तेव्हापासून आम्ही रोज समोरासमोर काम करतो. उचल, धर, बाजूस हो, एवढे तो बोलतो. मी तेवढ्याचेच उत्तर देतो.

येथे माझे निवेदन संपले. ज्यांनी इतका वेळ खर्च करून हे वाचले, त्या सर्वांचा मी अंतःकरणापासून आभारी आहे.

गोविंदा लहानूजी सोमकुवर,
नागपूर.